बोरिवलीची बॅच

पहिल्या दिवशी क्लासला आम्ही अकरा बायका होतो आणि पुरुष चार. ॲलनसरांनी सगळ्यांवरून नजर फिरवली, डोकं खाजवलं आणि म्हणाले, "तीन-चार जणी पुरुषांच्या बाजूला येऊन उभ्या राहा, नाहीतर अर्धा क्लास भिंतीला टेकून बसेल." बाकीच्या एकमेकींकडे बघून खिदळायला लागल्या. मी सरळ गेले आणि उभी राहिले. दिवसभर कारखान्यात उभं राहून संध्याकाळी वर भिंतीला टेकायला कोण येतं?

साल्सात दोघांपैकी एक जण लीड करतो. म्हणजे आता पुढे जायचं, वळायचं की थांबायचं हे तो ठरवतो आणि तोंडातून एक अक्षर न काढता हाताने, अंगाच्या कलाने समोरच्याला कळवतो. समोरचा ते ओळखतो आणि नाचतो. लीड पुरुषाने करायचं आणि ओळखायचं बाईने, अशी रीत आहे. महिन्याभरात क्लासला आणखी पुरुष आले, तशा माझ्याबरोबरच्या जणी पटापट पलीकडे गेल्या. मी गेले नाही. मला जा म्हणून कोणी सांगितलंही नाही. संघमित्रा म्हणते, "तुला सांगणार कोण? तुझ्या कपाळावरच लिहिलंय, विचारून तर बघा."

संघमित्रा माझी क्लासमधली मैत्रीण. मी श्रुतिका साळवी, राहणार जोगेश्वरी पूर्व, वय तेहतीस, उंची पाच फूट आठ इंच. मरोळच्या औद्योगिक वसाहतीत पुठ्ठ्याचे खोके बनवणाऱ्या एका कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर आहे. हाताखाली चौदा माणसं, चौदाही बाप्ये. सुरुवातीला मला 'मॅडम' म्हणताना त्यातला एकेक जण शब्द च्युइंगगमसारखा ताणायचा. आता कोणी ताणत नाही.

तर लीड करणं मला जमणारच, असं मी गृहीत धरलं होतं. आणि तिथेच माझी वाट लागली.

त्याचं कारण आमचं पथक. मी अकरा वर्षं महिला गोविंदा पथकात होते आणि अकराही वर्षं सगळ्यात खालच्या थरात. खालच्या थराचं काम एकच, हलायचं नाही. शेजारणीच्या खांद्यावर हात टाकायचा, तिच्या टी-शर्टाची मूठ आवळायची आणि वर पाच थर चढून उतरेपर्यंत आभाळ कोसळलं तरी ती सोडायची नाही. ज्या हाताने अकरा वर्षं हेच केलं, तो हात समोर आलेल्या कुठल्याही हाताचं दुसरं काय करणार?

"श्रुतिका, तू हात धरत नाहीस, अटक करतेस," ॲलनसर म्हणायचे. "अंगठा काढ. अंगठा बाजूला. तिला जायचं असेल तर जाता आलं पाहिजे."

"पण सर, जाता आलं तर ती पडेल ना."

"कशाला पडेल? तिला पाय आहेत!"

दोन महिने मी हे ऐकलं. मुली माझ्याबरोबर नाचून गेल्या की मनगट चोळायच्या. संघमित्राने एकदा मला तिच्या दंडावरची माझी चार बोटं दाखवली. मला फार वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं की मी चिडते, म्हणून तिच्यावरच खेकसले की तुम्ही सगळ्या मेणाच्या आहात का. पुढच्या वेळी तिच्यासाठी घावणे घेऊन गेले. माफी मागायची माझी हीच पद्धत आहे.

ॲलनसरांचा क्लास मरोळ गावठाणात, त्यांच्या राहत्या घराच्या वरच्या मजल्यावर. सर पंचेचाळिशीचे, तिथलेच, जुन्या ख्रिश्चन कुटुंबातले. साल्सा ते बाहेर शिकले, पण लीड मात्र घरचं आहे, असं ते सांगायचे. त्यांचे वडील, अर्बन, हे मरोळ ते गोराई सगळ्या गावठाणांत नावाजलेले नाचणारे. लग्नात बँड सुरू झाला आणि अर्बन बायकोला घेऊन उतरला की बाकीची जोडपी कडेला सरकायची. छोटा ॲलन बँडवाल्यांच्या पायाशी बसून वडिलांचा हात बघत राहायचा. "डॅडी मम्मीला कधी ओढायचे नाहीत, ढकलायचे नाहीत. हात नुसता पाठीवर. आणि मम्मी अशी जायची, जशी काय तिच्याच मनात आलं होतं," सर सांगायचे. दर नव्या बॅचला सांगायचे. क्लासमध्ये चांगलं लीड केलं की शाबासकी एकच होती, "हा डॅडींचा हात." अर्बन जाऊन सात वर्षं झाली होती.

मला ती शाबासकी मिळाली तिसऱ्या महिन्यात. सरांनी त्या दिवशी लीड करणाऱ्या सगळ्यांना डोळे मिटायला लावले. समोरच्या व्यक्तीने जागच्या जागी वजन या पायावरून त्या पायावर न्यायचं आणि आपण हात न हलवता ओळखायचं की आता ती कुठल्या पायावर आहे. पुरुष मंडळी अंदाजपंचे ठोकत होती. मी संघमित्राच्या पाठीला तळवा लावला, डोळे मिटले आणि सांगत सुटले. डावा. उजवा. उजवाच, तू नुसता गुडघा हलवलास. आता डावा. वीसपैकी वीस. सर येऊन शेजारी उभे राहिले.

"हे कसं करतेस?"

मी त्यांना सांगितलं की खालच्या थराला वर बघता येत नाही. वर कोण डगमगतंय, कुठल्या बाजूला, हे खांद्यावरच्या पायावरूनच कळतं, आणि तिला स्वतःला कळायच्या आधी कळावं लागतं. सरांनी माझा तळवा उलटून बघितला. मग म्हणाले, "अगं बाई, हा तर डॅडींचा हात. तुला अर्धं लीड येतंच आहे. फक्त आवळायचं विसर."

त्यानंतर मला सगळं सोपं गेलं. समोरच्याचा मोकळा पाय कुठला हे एकदा कळलं की त्याला कुठे जाता येईल तेही कळतं. तेवढंच सुचवायचं. साल्साची पावलं आठपर्यंत मोजतात; तीन संपता संपता हात वर उचलला तर पाच, सहा, सातला ती आपसूक वळते. उशिरा उचलला तर ओढावं लागतं. मी ओढणं बंद केलं. दहाव्या महिन्यापर्यंत मुली माझ्याबरोबर नाचायला रांग लावायला लागल्या, हे मी फुशारकी म्हणून सांगत नाही. म्हणजे थोडं फुशारकी म्हणूनही सांगते.

आणि मग सरांनी जाहीर केलं की बोरिवलीला रविवारची नवी बॅच सुरू होतेय. त्यांना स्वतःला दोन्हीकडे जमणार नव्हतं. लीड शिकवायला आपल्यातलंच कोणीतरी हवं होतं. नावं दोनच होती, मी आणि मिहिर.

मिहिर मुलुंडचा, सव्वीस वर्षांचा, दिसायला गोड आणि नाचायला भन्नाट. एका गाण्यात तो जोडीदारणीला चौदा गिरक्या देतो. वाईट काही नाही त्याच्यात. पण ती बॅच मला हवी होती, आणि मी काही हवंय असं म्हणते तेव्हा ते खरंच हवं असतं. आमचं पथक तीन वर्षांपूर्वी बंद झालं होतं. पोरी लग्न करून विरार-पनवेलला पांगल्या. तेव्हापासून माझ्या खांद्यांना कामच राहिलं नव्हतं. पुठ्ठ्याच्या खोक्यांना माझ्या खांद्यांची गरज नसते. मला परत अशी जागा हवी होती जिथे माझ्या भरवशावर कोणीतरी पाऊल टाकेल. जेवणाच्या सुट्टीत डबा खाता खाता मी बारा रविवारांचे धडेसुद्धा वहीत लिहून काढले होते. पहिला धडा अर्थातच अंगठा.

सरांनी मला बाजूला घेतलं.

"श्रुतिका, माझ्याकडून काही प्रॉब्लेम नाही. पण तिथे बरेचसे पुरुष येणार. पुरुषाला लीड करायला एका बाईने शिकवायचं म्हणजे..."

"माझ्या हाताखाली चौदा पुरुष आहेत, सर."

"त्यांना त्याचा पगार मिळतो. इथे हे लोक फी भरून येणार."

मला इतका राग आला की कानाच्या पाळ्या गरम झाल्या. "म्हणजे माझं लीड कच्चं आहे का? तसं सांगा. मी आत्ता जिना उतरते."

"कच्चं नाही गं. तेच तर." त्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवला. "बरं, ऐक. रविवारी सोशल आहे. मम्मीला वर आणतो. तू आणि मिहिर, दोघंही तिच्याबरोबर एकेक गाणं नाचा. डॅडी गेल्यापासून मम्मी कोणाबरोबर धड नाचली नाही. मी स्वतः सात वर्षं प्रयत्न करतोय. दहा पावलांत सगळं विस्कटतं आणि ती म्हणते, जाऊ दे बाबा, गुडघा दुखतो. जो तिला एक अख्खं गाणं नाचवेल, त्याची बोरिवली."

"लिहून देता?"

"डॅडींची शपथ."

सोशल म्हणजे महिन्यातल्या एका रविवारी सगळ्या बॅचची माणसं जमतात आणि शिकणं-शिकवणं बाजूला ठेवून नुसती नाचतात. त्या दिवशी पाच वाजता चाळीसेक जण होते. एथेल आंटी, म्हणजे सरांची आई, कठडा धरत वर आल्या. एकाहत्तर वर्षांच्या, बारीक फुलांचा गुडघ्याखालचा फ्रॉक, घट्ट अंबाडा, काळे बूट पॉलिश केलेले. ज्यांचा गुडघा दुखतो त्या बायका नाचाच्या हॉलमध्ये येताना बूट पॉलिश करत नाहीत, एवढं मला कळत होतं.

आधी मिहिर गेला. त्याने झुकून हात पुढे केला, आंटी हसल्या, गाणं सुरू झालं. पहिली आठ-दहा पावलं झकास पडली. मग मिहिरने डावीकडे जायला हात हलवला आणि आंटी उजवीकडे गेल्या. तो त्यांच्या मागे गेला. त्याने गिरकीसाठी हात उचलला, तर आंटींनी तो खाली घेतला आणि त्यालाच बाजूला सरकवलं. त्याने एकट्यानेच दोन गिरक्या मारून वेळ निभावली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिसऱ्या खेपेला त्याचा बूट आंटींच्या बुटावर पडला. "सॉरी, सॉरी, आंटी!" आंटींनी त्याच्या गालाला हात लावला आणि म्हणाल्या, "जाऊ दे बाबा, गुडघा दुखतो."

मिहिर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "आंटी सॉलिड आहेत यार, पण त्या मला ढकलत होत्या. मी कोणाबरोबर नाचत होतो तेच मला कळेना."

हे त्याने मला सांगायची गरज नव्हती. बॅच त्यालाही हवी होती. मिहिरबद्दल मी त्या दिवसापासून कोणाकडून वाकडं ऐकून घेत नाही.

माझी पाळी आली. मी आंटींसमोर उभी राहिले आणि म्हटलं, "आंटी, मी श्रुतिका. मी लीड करते. चालेल ना?"

त्यांनी मला खालून वरपर्यंत बघितलं. "उंच आहेस गं बाय. चल."

त्यांचा उजवा हात माझ्या डाव्या हातात, माझा उजवा तळवा त्यांच्या पाठीवर. गाणं सुरू झालं. मी पुढे पाऊल टाकलं तर आंटी आधीच मागे गेलेल्या. बरं झालं, म्हटलं, चपळ आहेत. दुसऱ्या फेरीला मी अजून काही ठरवलंही नव्हतं, तोवर त्यांची पाठ उजवीकडे गेली, माझा तळवा तिच्यामागे गेला, तळव्यामागे मी गेले आणि आम्ही एक सुरेख वळण घेतलं. लोक "वा!" म्हणाले. त्या वळणात माझं काहीही नव्हतं. मला फिरवलं गेलं होतं, तेही अशा सफाईने की बघणाऱ्याला वाटावं मीच फिरवलं.

मग मात्र मी तापले. तिसऱ्या फेरीला खांदे ताठ केले, आता बघतेच म्हटलं. आंटींना ते लगेच कळलं आणि त्याही ताठ झाल्या. गोठ्याच्या दारात दोन म्हशी अडकाव्यात तशा आम्ही दोघी हॉलच्या मधोमध अडकलो. संघमित्राने डोळ्यांवर हात घेतला. बोरिवली चालली हातातून, हे मला स्पष्ट दिसत होतं.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की मला त्यांचं वजन सापडत नाहीये. दहा महिन्यांत असं कोणाबरोबर झालं नव्हतं. मी रागवायचं थांबवलं आणि तळव्याने शोधलं. वजन डाव्या पायावर नव्हतं, उजव्यावरही नव्हतं. दोन्हींवर निम्मं निम्मं, टाचा जेमतेम टेकलेल्या. नाचणारं माणूस असं उभं राहत नाही. पथकात वरची लहान पोरगी उतरत असते तेव्हा खाली हात पसरून ज्या बायका थांबलेल्या असतात, त्या अशा उभ्या असतात. कोणीतरी आत्ता पडणार आणि आपल्याला झेलायचंय, अशा.

मी थांबले. गाणं चालू, आजूबाजूला चाळीस माणसं, आणि मी हॉलच्या मधोमध नुसती उभी.

"काय झालं? विसरलीस?" आंटींनी विचारलं.

"नाही. तुमची वाट बघतेय."

"कशाची?"

"तुम्ही एका पायावर याल त्याची. आंटी, तुम्ही कोणाला सांभाळताय?"

त्यांनी चमकून माझ्याकडे बघितलं. "सवय झालीय गं बाय," त्या म्हणाल्या. "चाळीस वर्षांची."

"मी पडत नाही. अकरा वर्षं खाली उभी राहून पडले नाही, तर आज काय पडणार? माझं राहू द्या. तुम्ही नाचा."

आम्ही तशाच उभ्या राहिलो. एक आठ गेले. दुसरे आठ गेले. मी हात हलवला नाही, आवळलाही नाही. कुठेतरी तिसऱ्या आठात त्यांच्या पाठीतून एक लांब श्वास खाली गेला आणि त्यांचं वजन डाव्या पायावर आलं. पूर्ण. उजवा पाय मोकळा झाला.

मी एकच्या मोजणीला डावा पाय पुढे टाकला. आंटी मागे गेल्या, माझ्या आधी नाही, माझ्याबरोबर. मी फक्त साधी पावलं घेतली, पुढे, मागे, लहान. मग बाजूला होऊन त्यांना समोरून जायला वाट दिली आणि त्या तरातरा चालत पलीकडे गेल्या. तीन संपताना हात वर नेला. पाच, सहा, सातला एथेल आंटी माझ्या हाताखाली वळल्या, फ्रॉकचा घेर किंचित उडाला आणि समोर येऊन त्या तोंडभर हसल्या. मग मी आणखी एक वळण दिलं, आणि मग त्यांना आवडतंय असं बघून आणखी एक. शेवटच्या कडव्याला त्यांनी डोळे मिटले होते. मला इतका आनंद झाला की मी मोजायची विसरले, आणि त्याने काही बिघडलं नाही.

गाणं संपलं. अख्खं संपलं. हॉलमध्ये शिट्ट्या वाजल्या, त्यातली सगळ्यात मोठी मिहिरची. ॲलनसर आले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते.

"मम्मी, सात वर्षांनी..." ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "शब्द दिलाय. बोरिवली तुझी."

मी काही बोलणार तोच ते पुढे म्हणाले, "असं करू. पहिले दोन-तीन महिने मिहिर तुझ्याबरोबर येईल. पुरुषांना लीड तो दाखवेल, तू मुलींकडे बघ. एकदा लोक रुळले की मग..."

माझ्या तोंडात जे आलं होतं ते चाळीस माणसांत बोलण्यासारखं नव्हतं. मी ते गिळत असताना एथेल आंटी म्हणाल्या, "का?"

"काय का, मम्मी?"

"लीड ही का नाही दाखवणार?"

"अगं मम्मी, दाखवेल ना, नंतर. पण सुरुवातीला पुरुषाच्या हातातली गोष्ट पुरुषाकडूनच समजते. मी नाही का डॅडींचा हात बघून शिकलो?"

आंटी शेजारच्या खुर्चीत बसल्या. रुमालाने मान पुसली, रुमालाची घडी घातली. "ॲलन," त्या म्हणाल्या, "तू जन्मलास त्याच्या आदल्या वर्षी तुझ्या डॅडीचे कान गेले. पत्र्याच्या कारखान्यात, प्रेसवर."

"माहितीय मला. कमी ऐकू यायचं त्यांना."

"कमी? घरात तो माझे ओठ बघून समजायचा. बँडचे ओठ कसे बघणार?"

आसपासचे जवळ सरकले. सरांना अजून कळलं नव्हतं, किंवा कळूनही ते मान्य करवत नव्हतं.

"त्याला नाच सोडायचा नव्हता," आंटी म्हणाल्या. "लग्नात लोक वाट बघायचे त्याची. अर्बन आला, अर्बन आला. मी म्हटलं, चल, मी आहे. त्याच्या तळव्यात बोटाने ठेका द्यायचे. त्याचा हात माझ्या पाठीवर असायचा, सगळ्यांना वाटायचं तो हात मला सांगतोय. पाठ त्याला सांगायची. कुठे वळायचं, कुठे थांबायचं, गाणं कधी संपलं, सगळं. कोणाला कळलं नाही. पाद्रीला नाही, माझ्या बहिणींना नाही."

"मला का नाही सांगितलंस?"

"तो मान ताठ करून फ्लोअरवरून चालत यायचा ना, ते मला फार आवडायचं." त्यांनी रुमालाची घडी पुन्हा मोडली. "आणि मग तू इतक्या प्रेमाने शिकवायला लागलास, डॅडींचा हात, डॅडींचा हात. खालच्या खोलीत मला ऐकू यायचं. म्हटलं, असू दे. पण आज तू ह्या पोरीला सांगतोस की हे बाईकडून शिकता येत नाही. मग तू कोणाकडून शिकलास?"

ॲलनसर उभेच राहिले. मला त्यांचा राग आला होता, तो गेला. माणसाच्या पायाखालची फळी निघताना मी पाहिलेली आहे, ते बघवत नाही. मी त्यांच्या जवळ जाऊन उभी राहिले.

शेवटी त्यांनी माझ्याकडे बघितलं. "रविवारी सकाळी दहा वाजता," ते म्हणाले. "बोरिवली. नऊ पुरुषांनी नावं दिलीत. लीड तूच शिकवायचं."

"एकटीने?"

"एकटीने."

"येऊ देत," मी म्हटलं. ते ऐकून संघमित्राने मला पाठीत एक धपाटा घातला, जो मला आठवडाभर पुरला.

सरांनी जाऊन गाणं लावलं. मग ते आईच्या खुर्चीसमोर आले, पण नेहमी पुढे करायचे तो डावा हात त्यांनी पुढे केला नाही. उजवा केला, मुली करतात तसा.

"मम्मी," ते म्हणाले, "लोकांसमोर नाचव मला."

एथेल आंटी उठल्या. त्यांनी मुलाचा हात आपल्या डाव्या हातात घेतला आणि उजवा तळवा त्याच्या पाठीवर ठेवला, सगळ्यांना दिसेल असा. गाणं सुरू झालं. ॲलनसरांनी सवयीने डावा पाय पुढे टाकला आणि आईच्या बुटावर दिला.

"उजवा. मागे," आंटी म्हणाल्या, आणि त्याला घेऊन निघाल्या.